इंग्रजी ‘रन’साठी तगालोग शब्द कसा निवडावा: फिलिपिन्सला नव्याने जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

मनिलातल्या माझ्या पहिल्या भाड्याच्या खोलीत मोरीतला नळ रात्रभर गळत असे. घरमालकीणबाईंना त्यांच्याच भाषेत सांगितले तर काम लवकर होईल, अशा हिशेबाने मी मनात एक इंग्रजी वाक्य जुळवले, त्यातल्या ‘रन’साठी शब्दयादीत दिसलेला पहिला तगालोग शब्द उचलला आणि सकाळी त्यांना सांगितले, “तुमाताक्बो पो आङ तुबिग.” बाई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, “साआन पुपुन्ता?” म्हणजे, कुठे निघाले आहे? मी त्यांना ‘पाणी पळत आहे’ असे सांगितले होते. नळ आणखी तीन दिवस गळत राहिला.

महाराष्ट्रातून वैद्यकीय शिक्षणासाठी मनिला, सेबू, दावाओ या शहरांत जाणाऱ्या मुलामुलींना, आणि नोकरीसाठी किंवा लग्नानंतर तिथे राहायला जाणाऱ्यांनाही, हा प्रसंग कोणत्या ना कोणत्या रूपात येतोच. त्या देशाच्या १९८७ च्या राज्यघटनेने फिलिपिनो आणि इंग्रजी या दोन्ही भाषा राजभाषा ठरवल्या आहेत आणि महाविद्यालयातले शिकवणे इंग्रजीतून होते, म्हणून नवख्या माणसाला वाटते की आपले इंग्रजी पुरेल. वर्गात ते पुरते. वॉर्डात, बाजारात आणि जीपनीत, म्हणजे तिथल्या प्रवासी जीपगाडीत, पुरत नाही. तिथे फिलिपिनो लागते, आणि तिचा पाया तगालोग आहे. १९३७ मध्ये राष्ट्रभाषेचा आधार म्हणून तगालोगचीच निवड झाली होती.

उदाहरणासाठी ‘रन’ हाच शब्द घेण्याचे कारण असे की, अर्थांच्या गर्दीत त्याच्यापुढे जाईल असा दुसरा इंग्रजी शब्द सापडणे कठीण आहे. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले. त्यांपैकी आपल्या कामाचे दहा-बारा आहेत, आणि तेवढे नीट लावता आले तरी रोजचा व्यवहार सुटतो.

१. आधी साहित्य जमवा

कागदपत्रे कोणतीही लागत नाहीत, ही यातली एक चांगली गोष्ट आहे. लागते ते एवढेच:

- तीन रकान्यांची वही. पहिल्या रकान्यात मराठी वाक्य, दुसऱ्यात तगालोग वाक्य, तिसऱ्यात तगालोग शब्दाचा धातू. इंग्रजीसाठी मुद्दाम रकाना ठेवू नये.
- अर्थांना क्रमांक देऊन प्रत्येक अर्थाखाली पूर्ण वाक्य देणारा कोश. लिओ जेम्स इंग्लिश या ऑस्ट्रेलियन धर्मगुरूंनी आयुष्याची कित्येक वर्षे घालून केलेले तगालोगचे दोन्ही बाजूंचे कोश या कामाला उत्तम आहेत. इंग्लिश हे त्यांचे आडनावच होते. नुसती शब्दाला शब्द अशी यादी देणारी पुस्तिका घेऊ नका. माझे पाणी त्याच पुस्तिकेमुळे पळाले.
- भाषा तपासून देणारे एक माणूस. वरच्या वर्गातला फिलिपिनो विद्यार्थी, खानावळवाली, इमारतीचा पहारेकरी, कोणीही चालेल. मोठ्या पुरुषाला ‘कुया’ आणि मोठ्या बाईला ‘आते’ म्हणावे. आपल्या दादा आणि ताईसारखेच हे शब्द आहेत आणि अनोळखी माणसालाही लावता येतात.

उच्चाराच्या बाबतीत मराठी माणूस इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा पुष्कळ पुढे असतो. तगालोगमधला ‘त’ हा आपला दंत्य ‘त’ आहे, म्हणून ‘ताक्बो’ म्हणावे, ‘टाक्बो’ नव्हे. बाराखडी घोकताना शिकलेला आणि पुढे आयुष्यात कधी न लागलेला ‘ङ’ इथे पावलोपावली भेटतो, इतकेच नव्हे तर शब्दाच्या आरंभीही येतो: ‘ङायोन’ म्हणजे आता आणि ‘ङिपिन’ म्हणजे दात. या लेखातले तगालोग शब्द मी त्याच सोयीने देवनागरीत लिहिले आहेत. फलकावर ते रोमन लिपीत दिसतील, तेव्हा ‘ङ’च्या जागी ‘एन’ आणि ‘जी’ ही दोन अक्षरे असतात हे लक्षात ठेवा.

२. इंग्रजी शब्द बाजूला ठेवून मराठी क्रियापद विचारा

या लेखात मला सांगायचे आहे ते मुख्यतः हेच. इंग्रजी जिथे एका शब्दावर भागवते तिथे मराठी बहुधा चार-पाच क्रियापदे वापरते, आणि तगालोगही तसेच करते. आपण शाळेपासून परकी भाषा इंग्रजीच्या वाटेने शिकण्याची सवय लावून घेतलेली असते, आणि ती सवय इथे आडवी येते.

तांदळाचे उदाहरण पाहा. इंग्रजीत शेतातले पीक, दुकानातला दाणा आणि ताटातला घास या तिन्हींसाठी व्यवहारात एकच शब्द पुरतो. तगालोगमध्ये शेतातले ते ‘पालाय’, दुकानातले ‘बिगास’ आणि शिजलेले ‘कानिन’. मराठी माणसाला यात समजावण्यासारखे काहीच नाही, कारण साळ, तांदूळ आणि भात हा भेद आपल्या घरातलाच आहे. इंग्रजीतून शिकणारा मात्र हे तीन शब्द वेगवेगळे पाठ करत बसतो.

म्हणून ‘रन’ असलेले वाक्य मनात आले की थांबा आणि स्वतःला विचारा, हे मी आईला कसे सांगितले असते? मूल धावते. यंत्र चालते. नदी वाहते. नळ गळतो. दूध संपते. कुत्रा गाडीखाली येतो. चोर पळून जातो. मुलगा घर सोडून जातो. पुढारी निवडणुकीला उभा राहतो. काकू खानावळ चालवतात. क्रियापद बदलले की तगालोग धातूही बदलण्याचा संभव आहे, एवढी खूणगाठ बांधली की निम्मे काम झाले.

३. धातू ओळखायला शिका

शब्दाच्या मुळाला तिथे ‘सालिताङ-उगात’ म्हणतात. ‘सालिता’ म्हणजे शब्द आणि ‘उगात’ म्हणजे मूळ. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हा दुसरा शब्द आताच लिहून ठेवावा, कारण ‘उगात’ म्हणजे रक्तवाहिनीही. सुई टोचण्यापूर्वी परिचारिका ‘उगात’ शोधत असते, तेव्हा तिला व्याकरणात रस नसतो.

कोशात शब्द धातूखाली दिलेले असतात, म्हणून कानावर पडलेल्या शब्दातून धातू सोडवता आला पाहिजे. ‘ताक्बो’ हा धातू घ्या. ‘उम’ हा प्रत्यय पहिल्या व्यंजनानंतर, म्हणजे शब्दाच्या पोटात शिरतो आणि ‘तुमाक्बो’ होते: धावला. पहिले अक्षर दुणावले की ‘तुमाताक्बो’: धावत आहे. ‘उम’ काढून नुसते अक्षर दुणावले की ‘ताताक्बो’: धावेल. क्रिया झाली, चालू आहे की अजून सुरू व्हायची आहे, एवढेच हे रूप सांगते. आपल्यासारखे लिंग-वचनाप्रमाणे क्रियापद बदलत नाही, ही सवलत समजा.

शेवटी ‘आन’ लागला की ‘ओ’चा ‘उ’ होतो: ‘ताक्बो’चे ‘ताक्बुहान’, ‘उबोस’चे ‘उबूसान’. ‘पाणी’चे ‘पाण्यात’ आणि ‘घोडा’चे ‘घोड्याला’ करणाऱ्या आपल्या जिभेला याचे नवल वाटू नये. सामान्यरूपाचाच हा लांबचा भाऊ आहे. सोडवण्याचा क्रम असा ठेवा: आधी शेवटचा प्रत्यय काढा, मग पुढचा किंवा पोटातला काढा, मग दुणावलेले अक्षर पुसा. उरेल ते कोशात पाहा.

४. एकेक अर्थ लावून घ्या

*धावणे, पळणे.* ‘ताक्बो’. “तुमाताक्बो आङ बाता”, मूल धावत आहे. नुसते “ताक्बो!” म्हटले की ‘पळा!’. याच धातूला दुसरे प्रत्यय लावले की अर्थ सरकतो, आणि तिथे मौज आहे. ‘इतिनाक्बो’ म्हणजे एखाद्याला किंवा एखादी वस्तू घेऊन धावले: “इतिनाक्बो आङ पास्येन्ते सा ओस्पिताल”, रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेले. पैसे घेऊन कोणी पसार झाला तरी ‘इतिनाक्बो’च. ‘तिनाक्बुहान’ म्हणजे ज्याला टांग मारून पळाले तो माणूस; उधारी बुडालेला दुकानदार स्वतःबद्दल हा शब्द वापरतो.

*यंत्र चालणे.* इथे ‘आन्दार’ हा धातू. “उमाआन्दार आङ माकिना”, यंत्र चालू आहे. “आयाव उमान्दार नाङ बेन्तिलादोर”, पंखा चालायला तयार नाही. ‘आयाव’ म्हणजे शब्दशः ‘नको म्हणतो’, आणि उन्हाळ्यातल्या मनिलात पंखा तसे म्हणाला की वर्णन अचूक वाटते. हा धातू स्पॅनिशमधून आला आहे आणि स्पॅनिशमध्ये ‘आन्दार’चा मूळ अर्थ पायी चालणे हाच आहे. म्हणजे इंग्रजाचे यंत्र धावते, आपले आणि फिलिपिनो माणसाचे मात्र चालते. हा योगायोग मला कळला त्या दिवसापासून हा शब्द मी कधी विसरले नाही.

*गाडी धावणे.* या ठिकाणी सीमारेषा धूसर आहे हे मान्य केले पाहिजे. इंजिन सुरू आहे म्हणायचे तर ‘उमाआन्दार’; गाडी रस्त्यावर वेगात आहे म्हणायचे तर ‘ताक्बो’ चालते. “माबिलिस आङ ताक्बो नाङ जिप”, जीप जोरात चालली आहे. मोटरसायकलवाली मुले ‘ताक्बोङ पोगी’ म्हणतात, म्हणजे आपण देखणे दिसावे अशा बेताच्या संथ वेगाने जाणे. टॅक्सीचा मीटर आणि वेळ यांनाही ‘तुमाताक्बो’ लावतात. तेव्हा ‘ताक्बो’ फक्त पायांनी धावण्यासाठी आहे, असा उलट्या टोकाचा नियम करू नका.

*बस सुटणे, फेरी असणे.* रात्री अकराला बसस्थानकावर उभे राहून तुम्हाला विचारायचे असते की बागियो या डोंगरातल्या शहराला गाडी अजून आहे का. तिथे धावणेही नको आणि चालणेही नको. शब्द आहे ‘बियाहे’, हाही स्पॅनिशमधून आलेला, अर्थ प्रवास किंवा फेरी. “माय बियाहे पा पो बा पापुन्ताङ बागियो?” यातला ‘पो’ आदराचा आहे आणि तो सोडू नये. मराठीत ‘तू’च्या जागी ‘तुम्ही’ आल्याने जो फरक पडतो तोच ‘पो’ने पडतो.

*वाहणे आणि गळणे.* नदी किंवा पुराचे पाणी वाहते तेव्हा ‘आगोस’: “उमाआगोस आङ तुबिग”. थेंब थेंब गळते तेव्हा ‘तुलो’: “तुमुतुलो आङ ग्रिपो”, नळ गळतो आहे. माझ्या घरमालकीणबाईंना सांगायचे वाक्य हे होते, सगळे मिळून तीन शब्दांचे. पावसाळ्यात छपरालाही हेच क्रियापद लागते, आणि तिथला पावसाळा कोकणाला लाजवणारा असल्याने ते पुष्कळदा लागते.

*संपणे.* धातू ‘उबोस’. दुपारी दोननंतर खानावळीत गेलात तर “उबोस ना पो” हे शब्द ऐकायची तयारी ठेवा: संपले. आपल्याजवळचे संपले असे सांगायचे तर ‘नाउबूसान’: “नाउबूसान आको नाङ लोड”, माझ्या फोनमधले पैसे संपले. आगाऊ भरलेल्या रिचार्जला तिथे ‘लोड’ म्हणतात. फोनची बॅटरी उतरली तर मात्र धातू वगैरे शोधू नका. सगळे ‘लोबॅट’ म्हणतात आणि तेच बरोबर.

*गाडीखाली येणे.* “नासागासाआन आङ आसो”, कुत्रा गाडीखाली आला. आपल्या वाक्याप्रमाणेच यातही कर्ता कुत्रा आहे आणि गाडीवाला अदृश्य आहे. अपघात विभागात काम पडले तर हा शब्द पहिल्याच दिवशी भेटेल.

*पळून जाणे.* कैदी किंवा चोर निसटला तर ‘ताकास’: “तुमाकास आङ मागनानाकाव”. पोर घरच्यांवर रुसून निघून गेले तर ‘लायास’: “नागलायास आङ आनाक”. पहिल्यात पकडणारा कोणीतरी असतो, दुसऱ्यात वाट पाहणारा. इंग्रजीतून या दोहोंतला फरक कळत नाही, मराठीतून लगेच कळतो.

*निवडणूक लढवणे.* ब्रिटिशांच्या इंग्रजीप्रमाणे मराठीतही उमेदवार उभा राहतो. फिलिपिन्सवर १८९८ पासून १९४६ पर्यंत, मधली जपानी ताब्याची वर्षे वगळली तर, अमेरिकेचा अंमल होता, आणि अमेरिकेत उमेदवार धावतो. म्हणून तिथेही तो ‘तुमाताक्बो’. स्पॅनिशमधून आलेला ‘कुमाकान्दिदातो’ हा पर्यायही रूढ आहे. तिथल्या निवडणुका मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी होतात, पण त्याआधी कितीतरी महिने वर्तमानपत्रांत ‘ताताक्बो बा?’, म्हणजे उभे राहणार का, हा प्रश्न गाजत असतो. नवखा वाचक या काळात बिचकतो, कारण पानोपानी एवढी पोक्त माणसे कुठे धावत सुटली आहेत हे त्याला कळत नाही.

*चालवणे, कारभार पाहणे.* ‘ताक्बो’लाच ‘पा’ जोडून, म्हणजे ‘धाववणे’ अशा प्रयोजक रूपाने हा अर्थ येतो: “नागपापाताक्बो सिया नाङ कारिन्देर्या”, ती खानावळ चालवते. मराठीतही ‘चालणे’चे ‘चालवणे’ होऊन हेच घडते, म्हणून फार थांबत नाही.

५. रुग्णाशी बोलताना लागणारे ‘रन’ वेगळे लिहून ठेवा

इंग्रजीतून वैद्यक शिकणाऱ्याच्या डोक्यात लक्षणेही इंग्रजी वाक्प्रचारांत बसलेली असतात: नाक ‘धावते’, ताप ‘धावतो’, आजार कुटुंबात ‘धावतो’. त्यातला एकही तगालोगमध्ये धावत नाही.

नाक वाहते आहे यासाठी “तुमुतुलो आङ सिपोन” म्हणतात. ‘सिपोन’ म्हणजे शेंबूड आणि सर्दीही. सर्दी झालेला माणूस ‘सिनिसिपोन’. ताप म्हणजे ‘लाग्नात’, आणि तुम्हाला ताप आहे का असे आदराने विचारायचे तर “निलालाग्नात पो बा कायो?”. इथला ‘कायो’ हा अनेकवचनी सर्वनाम एकट्या माणसाला आदरार्थी लावला आहे, आपल्या ‘तुम्ही’सारखाच.

जुलाबाला ‘नागताताए’ हे क्रियापद आहे. ते असभ्य नाही, पण बरेच रुग्ण, विशेषतः शिकलेले, ‘एलबीएम’ म्हणतात. हे पातळ शौचाच्या इंग्रजी संज्ञेचे आद्याक्षररूप तिथे सर्वांच्या तोंडी आहे, आणि ते ऐकून एखादी परीक्षा किंवा पदवी असावी असा समज करून घेऊ नये. मी तसा करून घेतला होता, आणि एका आजीबाईंचे अभिनंदन करण्याच्या बेतात होते.

आजार घराण्यात आहे का, यासाठी ‘लाहि’ हा शब्द, अर्थ वंश: “नासा लाहि पो बा निन्यो आङ दियाबेतेस?” आपल्या लाह्यांशी याचा काही संबंध नाही.

६. ऐकण्यात होणारे घोटाळे

नवख्यांचे सर्वांत जास्त नुकसान इथे होते, कारण पाठ केलेला शब्द बरोबर असूनही शेवटचे अक्षर निसटते.

‘इलोग’ म्हणजे नदी आणि ‘इलोङ’ म्हणजे नाक. नदीतून रक्त वाहते असे सांगणारा रुग्ण तुम्हाला भेटला, तर कान पुन्हा लावा. नाकातून रक्त येण्याला “दुमुदुगो आङ इलोङ” म्हणतात. ‘दुगो’ म्हणजे रक्त.

‘तुमुतुलो’ गळते आहे, ‘तुमुतुलोङ’ मदत करते आहे. नळ मदत करतो आहे असे सांगितल्यास प्लंबर येणार नाही. याच घरातला तिसरा भाऊ ‘तुलोग’, म्हणजे झोप.

‘उबोस’ संपले, ‘उबो’ खोकला. छातीच्या रुग्णाला विचारायचे असते “इनुउबो पो बा कायो?”, आणि तिथे ‘स’ घुसला तर तुम्ही त्याचे काहीतरी संपवले जात आहे असे विचारून बसता.

‘लायास’ हा धातू आज्ञार्थी कधीही वापरू नका. “लुमायास का!” म्हणजे ‘चालता हो इथून!’. घरातून हाकलतानाचा हा शब्द आहे, आणि त्याला ‘पो’ लावून गोड करता येत नाही.

७. मराठी कुठे फसवते

मराठीचा पूल मजबूत आहे असे मी वर म्हटले, पण त्यालाही भगदाडे आहेत. ‘संपणे’ हे त्यातले मोठे. आपल्याकडे दूध संपते, तास संपतो आणि सिनेमाही संपतो. तगालोगमध्ये वापरून किंवा खाऊन संपणारी वस्तू ‘उबोस’, तर कार्य किंवा वेळ पूर्ण होणे ‘तापोस’. “उबोस ना आङ कानिन”, भात संपला. “तापोस ना आङ क्लासे”, तास संपला. या ठिकाणी इंग्रजी अधिक नेमके आहे, कारण त्यात दोन वेगळे शब्द आहेत. तेव्हा जिथे मराठी क्रियापद पसरट वाटेल तिथे इंग्रजीलाही साक्षीला बोलवावे.

दुसरे भगदाड ‘चालणे’. पायी चालणे म्हणजे ‘लाकाद’. पंखा ‘लुमालाकाद’ म्हटले तर तो खोलीभर फिरू लागेल. आणि आपले सर्वकामी ‘चालेल’, म्हणजे होकार, हे तर ‘लाकाद’ही नाही आणि ‘आन्दार’ही नाही, त्याला ‘पुवेदे’ म्हणतात. हा एक शब्द पहिल्या आठवड्यात शिकलात तर निम्मी संभाषणे तरून जातील.

तिसरे, उमेदवाराचे उभे राहणे. ‘तुमायो’ म्हणजे पायांवर उभा राहिला, एवढेच.

संस्कृतातून फार पूर्वी तिथे पोहोचलेले शब्दही जरा जपून वापरा. ‘गुरो’ म्हणजे शिक्षक, ‘मुखा’ म्हणजे चेहरा आणि ‘आसा’ म्हणजे आशा, हे ओळखीचे वाटून आनंद होतो. पण ‘दुखा’ म्हणजे दुःखी नव्हे, गरीब. रुग्णाला कुठे दुखते ते विचारताना हा शब्द वापरला तर त्याला वाटेल की तुम्ही त्याची ऐपत विचारत आहात. दुखण्याला ‘साकित’ म्हणतात.

८. तुम्ही नेमके कुठे जाणार आहात ते पाहा

दावाओ आणि सेबूमध्ये घरी-दारी सेबुआनो, म्हणजे तिथल्या बोलीत बिसाया, चालते. तगालोग समजते, पण रुग्ण स्वतःहून बोलतो ते सेबुआनो. तिथे धावणे म्हणजे ‘दागान’. आता गंमत अशी की तगालोगमध्ये ‘दागान’ या धातूचा अर्थ अंगावर भार टाकणे, आणि ‘नादागानान’ म्हणजे भिंत, झाड, गाडी अशा कशाखाली दबलेला माणूस. मनिलात शिकून दावाओला काम करायला गेलेल्याने हे दोन्ही अर्थ वहीच्या एकाच पानावर शेजारी शेजारी लिहावेत. बागियोच्या बाजूला इलोकानो चालते आणि तिथे धावण्याचा धातू ‘ताराय’. तगालोगमध्ये मात्र ‘माताराय’ म्हणजे फटकळ, नाक वर करून बोलणारी बाई. महाविद्यालय ठरले की आधी त्या शहराची बोली कोणती ते विचारा, आणि वहीत चौथा रकाना आखा.

९. नवे वाक्य तपासून घ्या

भाषांतराच्या अॅपला सुटा शब्द कधीच देऊ नका. पूर्ण वाक्य द्या, आणि आलेले तगालोग वाक्य परत मराठीत उलटवून पाहा. परत येताना पाणी पळू लागले तर धातू चुकला आहे. मग ते वाक्य कुयाला किंवा आतेला म्हणून दाखवा, आणि ‘बरोबर आहे का?’ असे विचारू नका. फिलिपिनो माणूस पाहुण्याला दुखवायला फार नाखूष असतो, त्यामुळे तो हसून हो म्हणण्याची शक्यता अधिक असते. ‘तुम्ही हे कसे म्हणाल?’ असे विचारा. उत्तर वेगळे आले की तेच वहीत लिहा आणि आपले खोडा.

ही रीत हाताशी बसली की दुसरे शब्द पटापट सुटतात. इंग्रजी ‘नो’ म्हणजे जाणणे: माहीत आहे ते ‘आलाम’, ओळखतो ते ‘किलाला’, आणि पोहता येते, स्वयंपाक येतो यातले ‘येणे’ म्हणजे ‘मारुनोङ’. इंग्रजी ‘ओल्ड’: जुनी वस्तू ‘लुमा’, म्हातारा माणूस ‘मातान्दा’. धुण्याचे तर मराठीइतकेच बारकावे आहेत: हात आणि भांडी ‘हुगास’, कपडे ‘लाबा’, तोंड ‘हिलामोस’. ‘राइट’चे तीन शब्द तरी पहिल्याच दिवशी लागतात. उत्तर बरोबर असेल तर ‘तामा’, हक्क असेल तर ‘कारापातान’, आणि ट्रायसिकलवाल्या, म्हणजे तीनचाकी रिक्षावाल्या, कुयाला उजवीकडे वळायला सांगायचे असेल तर ‘कानान’. त्याला ‘तामा’ म्हणालात, तर आपण योग्य रस्त्यावर आहोत असे समजून तो सरळ पुढे जात राहील.